संस्था नोंदवण्याआधी पंधरा मुलांना वाचताना ऐका

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. तुम्ही आणि तुमच्या दोन मैत्रिणी पुण्यात नोकरी करता. जनता वसाहतीच्या परिसरातून महापालिकेच्या शाळांत जाणाऱ्या पाचवी ते आठवीच्या अनेक मुलांना धड वाचता येत नाही, हे तुम्ही जवळून पाहिले. तिघींनी मिळून सहा लाख रुपये बाजूला काढले आहेत आणि आता वाचनासाठी संस्था काढायची आहे. ट्रस्ट करावा की कंपनी, पहिल्या वर्षी दहा शाळा घेता येतील का, वाचनाचे ॲप बनवून घ्यावे का, सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा, निधी कसा मिळतो आणि नोकरी सोडावी का, असे तुमचे पाच प्रश्न आहेत. मी गेली बावीस वर्षे, आधी मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात आणि नंतर पुण्यात, हेच काम करते आहे. पाचही प्रश्नांची उत्तरे देते, फक्त क्रम माझ्या सोयीने बदलते.

तुमच्या पाच प्रश्नांत एक प्रश्न आलेलाच नाही आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. सातवीतला, वाचता न येणारा मुलगा संध्याकाळी तुमच्यासमोर येऊन बसला की पुढच्या पाऊण तासात त्याच्याबरोबर नेमके काय करायचे, आणि तेच उद्या, परवा आणि पुढच्या जूनमध्ये कोण करणार? कागदपत्रे, निधी, शाळांची संख्या हे सगळे या उत्तराच्या आधाराने उभे राहते. उत्तर हाताशी नसताना संस्था काढली तर ती कार्यक्रम करत राहते. दप्तरे वाटली जातात, पुस्तके वाटली जातात, वाचनदिन साजरा होतो, फोटो निघतात, आणि सातवीतला मुलगा न वाचताच आठवीत जातो.

मी हे एवढ्या आग्रहाने सांगते त्यामागे एक प्रसंग आहे. कामाच्या पहिल्याच वर्षी गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये पाचवीतल्या एका मुलीने मला मराठीच्या पुस्तकातला धडा घडाघडा वाचून दाखवला. बोट ओळीखालून सरकत होते, आवाज चढत-उतरत होता, पूर्णविरामाला ती थांबतही होती. सहज म्हणून मी त्याच पानावरच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवले आणि हा शब्द कोणता, असे विचारले. ती गप्प झाली. मग तिने ओळीच्या सुरुवातीपासून पुन्हा म्हणायला घेतले, माझ्या बोटापर्यंत आली आणि न थांबता पुढे निघून गेली. शब्द होता ‘पाऊस’. अख्खा धडा तिला ऐकून पाठ झाला होता आणि सुटी अक्षरे जेमतेम नऊ-दहा ओळखता येत होती. चार वर्षे ती रोज शाळेत येत होती, फळ्यावरचे वहीत सुरेख अक्षरात उतरवून घेत होती. तिच्या वर्गशिक्षिकेला मी तेव्हाही दोष दिला नाही आणि आजही देत नाही, कारण भरलेल्या वर्गात पाठ म्हणणारे आणि वाचणारे मूल एकसारखेच दिसते. एकेका मुलाजवळ बसल्याशिवाय फरक कळत नाही.

म्हणून नोंदणी, नाव, बोधचिन्ह यांच्या आधी पंधरा मुलांना, एकेकट्याला, दहा-दहा मिनिटे वाचताना ऐका. ‘वाचता येत नाही’ या तीन शब्दांत निदान चार निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात, हे तुमच्या लक्षात येईल. काही मुलांची अक्षरेच पक्की नसतात. घ आणि ध, भ आणि म यांत ती अडखळतात. काहींना सुटी अक्षरे येतात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार लागले की गाडी थांबते. मराठीत ही अडचण मोठी आहे, कारण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते, तर रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो त्याच्याही आधी उच्चारावा लागतो. ‘किती’ एवढा साधा शब्द वाचताना डोळ्याला एकदा मागे आणि एकदा पुढे पाहावे लागते, हे आपण मोठी माणसे पार विसरून गेलेलो असतो.

तिसऱ्या अवस्थेतली मुले अक्षराला अक्षर जोडत वाचतात, पण इतकी सावकाश की ओळीच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात हरवलेली असते. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे लक्ष्य ठरवले आहे. माझ्याकडे येणारी सहावी-सातवीतली कित्येक मुले सुरुवातीला मिनिटाला १५-२० शब्दांवर असतात. अशा मुलाने इतिहासाच्या धड्याखालचे प्रश्न सोडवावेत, ही अपेक्षाच त्याच्यावर अन्याय करणारी आहे. चौथी अवस्था सर्वांत फसवी असते. मूल सरळ वाचते, पण काय वाचले ते सांगता येत नाही, कारण पुस्तकातली मराठी त्याच्या घरची नसते. घरी वडारी, लमाणी, कन्नड, भोजपुरी किंवा मराठवाड्याची ठसकेबाज मराठी बोलली जाते आणि पुस्तकातले ‘परंतु’, ‘तथापि’, ‘यामुळे’ त्याने कानांनी कधी ऐकलेलेच नसते.

चौघांना एकच औषध चालत नाही. त्यांना सहावी ‘अ’ म्हणून एकत्र बसवले तर तिघांचा वेळ वाया जातो.

ही चाचणी तुम्हालाच करावी लागेल, याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे वाचनाविषयी सर्वाधिक उद्धृत होणारी पाहणी म्हणजे ‘असर’. ती २००५ पासून होते आहे, पण ती ग्रामीण भागाची आहे. त्यामुळे त्यातली टक्केवारी तुमच्या वस्तीबद्दल काही सांगत नाही. तिचे साधन मात्र जरूर वापरा. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चार पायऱ्यांचा तो कागद मराठीतही मिळतो आणि कोणालाही विनामूल्य वापरता येतो. त्याला मी स्वतःची एक पाचवी पायरी जोडते. मुलाला एक छोटी गोष्ट तोंडी सांगायची आणि तीन प्रश्न विचारायचे. गोष्ट ऐकून समजत असेल आणि वाचून समजत नसेल, तर अडचण लिपीची आहे. ऐकूनही समजत नसेल, तर अडचण भाषेची आहे आणि अक्षरे घोटून ती सुटणार नाही. चाचणीआधी डोळे मात्र तपासून घ्या. आमच्याकडे दर वर्षी अशी दोन-चार मुले निघतात, ज्यांना आम्ही ‘कच्ची’ समजत होतो आणि ज्यांना फक्त चश्मा हवा होता.

आता पाऊण तासात काय करायचे, ते. ज्यांची अक्षरे कच्ची आहेत त्यांना अ-आ-इ-ई पासून ओळीने सुरुवात करू नका. सातवीतल्या मुलाला पुन्हा ‘अ अननसाचा’ म्हणायला लावणे हा त्याचा अपमान आहे, आणि त्या क्रमाने गेलात तर वाचण्याजोगा शब्द त्याच्या हाती फार उशिरा लागतो. क, म, ल, ब, र ही पाच अक्षरे आणि काना एवढेच घ्या. पहिल्याच आठवड्यात मूल काका, मामा, बाबा, काम, मका, लाल, बाक, बारा, कमल असे खरे शब्द वाचू लागते. मानखुर्दला सहावीतल्या एका मुलाने ‘मामा’ हा शब्द स्वतःच्या बळावर पहिल्यांदा वाचला, तेव्हा त्याने पाटीवरून मान वर करून मला विचारले, “हे असंच असतं?” वाचन म्हणजे चिन्हांतून ओळखीचा शब्द उमटणे, हे त्याला तोपर्यंत कोणी दाखवलेच नव्हते. मग दर दहा दिवसांनी तीन-चार अक्षरे आणि एक नवे स्वरचिन्ह वाढवत जायचे. जोडाक्षरे घाईने घेऊ नयेत, पण टाळूही नयेत. मुलांची स्वतःची नावेच त्यांनी भरलेली असतात, तिथून सुरुवात करावी.

ज्यांची अडचण भाषेची आहे त्यांच्याबरोबर मूल बोलेल ते लिहून घेण्याची पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटली आहे. मूल सांगते, वर्ग घेणारी ताई मोठ्या अक्षरात त्याच्याच शब्दांत लिहिते आणि मग मूल ते वाचते. “काल आईनं बोंबील आणले, मांजर खिडकीत बसलं व्हतं” असे त्याने सांगितले तर ‘व्हतं’ तसेच लिहायचे. त्याच्या तोंडचा शब्द कागदावर आला की कागद त्याचा होतो. ‘होते’ हे रूप त्याला पुस्तकातून पुढे भेटतेच आणि तोवर ते शिकण्याचे बळही आलेले असते. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेने मॅक्सिन बर्नसन यांच्या मार्गदर्शनाखाली आणि पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथील क्वेस्ट या संस्थेने मराठी वाचन शिकवण्यावर वर्षानुवर्षे बारकाईने काम केले आहे. सहा लाखांपैकी पहिले काही हजार तिकडे जाऊन बसण्यावर आणि त्यांचे प्रशिक्षण घेण्यावर खर्च करा. दुसरी कोणतीही खरेदी तुम्हाला इतके देणार नाही.

पातळीनुसार गट करण्याची कल्पना मुंबईतच मोठ्या प्रमाणावर तपासली गेली आहे, हे तुम्हाला माहीत असावे म्हणून सांगते. ‘प्रथम’ ही संस्था १९९५ साली मुंबईत सुरू झाली. तिच्या बालसखी कार्यक्रमात वस्तीतलीच एक तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळात रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन शिकवत असे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे या कार्यक्रमाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. तो करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते, ज्यांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अभ्यासात मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि ती सर्वांत मागे असलेल्या मुलांत अधिक होती. मात्र कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने पाहिले तेव्हा त्यातला बराचसा फायदा ओसरलेला होता. निष्कर्षाचा हा दुसरा भाग क्वचितच कोणी सांगते. मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. वाचायला आलेल्या मुलाला पुढे वाचायला पुस्तक आणि बोलायला माणूस मिळाले नाही, तर कमावलेले हातातून जाते. तुमच्या वर्गाशेजारी पहिल्या दिवसापासून ग्रंथालय हवे ते यासाठी. दोनशे-अडीचशे पातळ, चित्रांची, मोठ्या टाइपातली पुस्तके पुरेत. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुक्त परवान्याची मराठी गोष्टींची पुस्तके मिळतात, ती छापून घेता येतात. वाचू लागलेल्या मोठ्या मुलांसाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संगणकावर विनामूल्य खुले आहेत. पुस्तक घरी नेऊ द्या. फाटेल, भिजेल, हरवेल. तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.

हे सगळे कोण करणार? तुम्ही तिघी शनिवार-रविवारी येऊन हे होणार नाही. वाचन रोज लागते. आठवड्यातून पाच दिवस, रोज पाऊण तास, तेच माणूस समोर हवे. ते माणूस वस्तीतले असावे, असे माझे ठाम मत आहे. बारावी झालेली, लग्न होऊन वस्तीत आलेली, दोन मुलांची आई असलेली बाई ही माझ्या पाहण्यात या कामाची सर्वांत भरवशाची कार्यकर्ती आहे. शिवाजीनगरमध्ये आमचा वर्ग चारला असे आणि निम्म्या मुली गैरहजर राहत. मी घरोघर जाऊन पालकांना शिक्षणाचे महत्त्व समजावत होते. आमची ताई तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बाई, चारला पाणी येतं. वर्ग साडेपाचला घ्या.” दुसऱ्या आठवड्यापासून मुली येऊ लागल्या. अशा बाईला तुम्ही ‘स्वयंसेविका’ म्हणून दोन हजारांत राबवू नका. तिला निश्चित मानधन द्या आणि ते दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या. त्या महिन्यात तुमचा पगार थांबला तरी तिचे मानधन थांबू नये. दर आठवड्याला अर्धा दिवस तिच्या शिकण्यासाठी राखून ठेवा. सुरुवातीला तिचे स्वतःचे वाचन अडखळते असेल तर तेही त्या अर्ध्या दिवसात होऊ द्या. मुलांना गोष्टी वाचून दाखवता दाखवता स्वतः वाचक झालेल्या ताया मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

दहा शाळांच्या प्रश्नावर माझे उत्तर स्पष्ट नकार आहे, आणि तो मी स्वतःच्या चुकीवरून देते आहे. २०१५ च्या सुमारास एका कंपनीने आम्हाला मोठा निधी देऊ केला. अट एकच होती, मुलांची संख्या वर्षभरात पाचपट करायची. तेव्हा आमचे वर्ग चार वस्त्यांत चालत होते आणि चांगले चालत होते. मी होकार दिला. वर्षभरात आम्ही एकोणीस वस्त्यांत गेलो, भराभर ताया नेमल्या, तीन आठवड्यांचे प्रशिक्षण पाच दिवसांवर आणले. जुन्या चार अनुभवी तायांना पर्यवेक्षक केले, म्हणजे ज्या उत्तम शिकवत होत्या नेमक्या त्यांनाच मुलांपासून दूर केले. वर्षाच्या शेवटी हजेरीपत्रकावर संख्या होती, पण नव्या वस्त्यांतली बहुसंख्य मुले जून महिन्यात होती त्याच पायरीवर होती. पुढच्या वर्षी कंपनीने आपले प्राधान्य बदलले, निधी थांबला आणि आम्हाला पंधरा वस्त्यांतले वर्ग बंद करावे लागले. एका वस्तीत बंद दाराशी तीन दिवस मुले येऊन बसत होती, असे तिथल्या ताईने मला सांगितले. निर्णय माझा होता. कंपनीने जे मागितले त्याला नाही म्हणणे माझ्या हातात होते.

म्हणून पहिल्या वर्षी एक वस्ती, दोन ताया, प्रत्येकीच्या पंधरा-पंधरा मुलांच्या दोन तुकड्या, म्हणजे एकूण साठ मुले. त्याहून जास्त नको. तुमच्या सहा लाखांत हे कसे बसते ते मांडून दाखवते. आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या भागातल्या दरांनुसार बदला. दोन तायांचे दरमहा प्रत्येकी १०,००० प्रमाणे वर्षाचे २,४०,००० रुपये. खोलीचे भाडे दरमहा ६,००० प्रमाणे ७२,०००. पुस्तके ४५,०००. कार्डे, पाट्या, वह्या, छपाई २५,०००. प्रशिक्षण आणि प्रवास ३०,०००. डोळेतपासणी, चश्मे आणि किरकोळ २०,०००. नोंदणी आणि हिशेबनिसाचे ४०,०००. बेरीज होते ४,७२,०००. उरलेल्या १,२८,००० रुपयांना हात लावू नका. दोन तायांचे सहा महिन्यांचे मानधन त्यात बसते आणि देणगी उशिरा आली तर वर्ग चालू राहतो. समाजमंदिर, बुद्धविहार किंवा मंडळाची खोली विनाभाडे मिळाली तर उत्तम, पण त्या बदल्यात कोणाचा फलक लावावा लागणार असेल तर भाडे भरलेले बरे. निवडणुकीनंतर फलक बदलतो आणि खोलीही जाते.

आता नोंदणी. महाराष्ट्रात तीन वाटा आहेत. पहिली, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट. दुसरी, संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था, जिला किमान सात सभासद लागतात आणि जिची आपल्या राज्यात ट्रस्ट म्हणूनही नोंद करावी लागते. तिसरी, कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी. तुम्ही तिघी आहात, एकमेकींवर विश्वास आहे आणि काम एका शहरापुरते आहे, म्हणून मला ट्रस्ट पुरेसा वाटतो. एक सावधगिरी बाळगा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अर्ज द्यावा लागतो आणि हे राहून गेल्यामुळे पुढे वर्षानुवर्षे अडकलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. कलम ८ ची कंपनी मोठ्या देणगीदारांना सोयीची वाटते, पण तिची दरवर्षीची विवरणपत्रे आणि त्यांचा खर्च साठ मुलांच्या कामाला जड जातो. यात परिस्थितीवर बरेच अवलंबून आहे. पुढेमागे दुसऱ्या राज्यात काम न्यायचे नक्की असेल तर मी कंपनीचा विचार करेन.

नोंदणी कधी करावी, यात एक खरी ओढाताण आहे. सीएसआरच्या नियमांनुसार कंपनीचा निधी घेणाऱ्या बाहेरच्या संस्थेकडे तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, आयकर खात्याकडील १२ए आणि ८०जी नावाने ओळखल्या जाणाऱ्या करसवलतीच्या नोंदण्या आणि सीएसआर-१ अर्जाने मिळणारा क्रमांक लागतो. त्यामुळे लोक सांगतात, आधी नोंदणी करा, तीन वर्षांचे घड्याळ सुरू होऊ द्या. हा सल्ला चुकीचा नाही. तरी मी पहिले सहा-आठ महिने एखाद्या जुन्या संस्थेच्या छत्राखाली काम करून मग नोंदणी करावी, असे म्हणेन, कारण त्या काळात तुम्हा तिघींपैकी कोण टिकणार हेही कळते. पुण्यात डोअर स्टेप स्कूल १९९३ पासून वस्त्यांतल्या आणि बांधकामांवरच्या मुलांसोबत काम करते आहे. अशा ठिकाणी आधी जाऊन विचारा. आयकराच्या कलमांचे क्रमांक नव्या कायद्याने बदलत आहेत, म्हणून अर्ज करताना सनदी लेखापालाकडून खात्री करून घ्या. परदेशी देणगी हा विषय पहिली तीन वर्षे मनातही आणू नका. त्याचा परवाना निराळा आहे, आणि नोंदणी नसताना परदेशातल्या मावसभावाकडून घेतलेले दहा हजारही, त्याने तिथले नागरिकत्व घेतलेले असेल तर, तुम्हाला अडचणीत आणू शकतात.

थोडक्यात, तीन वर्षांपर्यंत सीएसआर तुमच्यासाठी नाही असे धरून चाला आणि शंभर ओळखीच्या माणसांकडून दरमहा पाचशे रुपये जमवण्याची तयारी करा. त्यांना दर तीन महिन्यांनी एका पानाचे पत्र पाठवा. त्यात किती मुले कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर गेली, किती मुले गेली आणि का गेली, एवढे प्रांजळपणे लिहा. चाचणी जुलै, नोव्हेंबर आणि मार्च अशी तीनदा घ्या आणि ती त्या तुकडीला शिकवणाऱ्या ताईने घेऊ नये. गळालेली मुले आकड्यांतून वगळू नका. शहरात मूल मध्येच जाते, कारण घर पुनर्वसनात दुसरीकडे गेले, बांधकाम संपले, आजी आजारी पडली म्हणून आई गावी गेली. जाणाऱ्या मुलाच्या हातात त्याची वही आणि दोन पुस्तके द्या. पुढे कुठे जाणार ते विचारून ठेवा आणि शक्य असेल तर तिथल्या शाळेत फोन करा.

ॲपबद्दल थोडेच सांगते. मूल ‘धरण’ वाचताना ‘घरण’ म्हणाले, मग ओठ हलवत पुन्हा पाहिले आणि स्वतःच सुधारले, हा क्षण शेजारी बसलेल्या माणसाला दिसतो आणि त्या क्षणी “बघ, तुझं तुला कळलं” असे म्हणणारे माणूस त्याला लागते. घरात एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, ही अडचण आहेच. ॲपचे पैसे ताईच्या प्रशिक्षणावर घाला.

महापालिकेच्या शाळेत काम करायचे असेल तर शिक्षण विभागाची लेखी परवानगी घ्या. ती मिळायला एक सत्र जाऊ शकते, म्हणूनही वस्तीत सुरुवात करणे बरे. मुख्याध्यापकांना भेटताना “तुमच्या मुलांना वाचता येत नाही” हे वाक्य उच्चारू नका. त्या शिक्षकांना मतदारयाद्या, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती यांतून उरलेल्या वेळात शिकवावे लागते. त्यांच्यापैकी निदान एक जण प्रत्येक शाळेत असा असतो, जो तुमची वर्षभर वाट पाहत होता. मुलांबरोबर एकट्याने बंद खोलीत कोणी बसणार नाही, प्रत्येक कार्यकर्त्याची पोलीस पडताळणी होईल, मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय कुठेही जाणार नाहीत, हे नियम पहिल्या वर्गाआधी कागदावर असावेत. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याची माहिती तायांना आणि तुम्हा तिघींना नीट हवी.

पालक इंग्रजी मागतील. ती मागणी मला योग्यच वाटते, तिच्यामागे त्यांचा कामाच्या बाजारातला अनुभव आहे. मी त्यांना सांगते की मूल आधी एका भाषेत वाचक होऊ दे, मग दुसऱ्या लिपीला कमी वेळ लागतो, आणि सहा महिन्यांनी आठवड्यातले दोन दिवस बोलण्याच्या इंग्रजीला देते. हा शब्द दिला की पाळावा लागतो.

नोकरी तिघींनीही सोडू नका. पण एकीला रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात वस्तीत असता आले पाहिजे, मग त्यासाठी वेळ बदलून घ्या, अर्धवेळ व्हा किंवा दिवस वाटून घ्या. तिघींपैकी कोणालाच ते शक्य नसेल तर या वर्षी संस्था काढू नका, सहा लाख एखाद्या चालत्या वर्गाला द्या. तेही चांगलेच काम होईल. शक्य असेल तर येत्या शनिवारी पंधरा मुलांपासून सुरुवात करा. चाचणीचा मजकूर स्वतःच्या हाताने, जाड पेनाने, बोटभर उंचीच्या अक्षरात लिहून न्या. मुलाच्या समोर न बसता शेजारी बसा, म्हणजे तुम्हा दोघांनाही अक्षरे सुलटी दिसतील. तो चुकला तर लगेच दुरुस्त करू नका. काय म्हणाला ते तसेच टिपून ठेवा. पंधरा टिपणे झाली की मला पाठवा, गट कसे करायचे ते आपण मिळून पाहू.